इंजिन नवे बांधले, तरी गाडी चालेना: जुन्या मोटारसायकलींचे दोष कसे शोधावेत

टू-स्ट्रोक मोटारसायकलचे इंजिन नव्याने बांधल्यावर तीन तक्रारी हटकून येतात. गाडी किकला दाद देत नाही, सुरू होऊन गरम झाली की बंद पडते, नाहीतर पहिल्याच लांबच्या फेरीत पिस्टन जाम होतो. नंदुरबार, शहादा, तळोदा भागात राजदूत, येझदी, आरएक्स १०० किंवा लूना जपून ठेवलेल्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: पिस्टन नवा, रिंगा नव्या, बोअरिंग नवे, मग दोष राहिला कुठे? उत्तर बऱ्याचदा नव्या भागांत नसते. ते भाग बसवताना जे उघडले, हलवले किंवा आधीचेच परत लावले, त्यात असते. म्हणून इंजिन दुसऱ्यांदा खोलणे हा शेवटचा उपाय समजावा. खोलल्यावर पॅकिंग, सील आणि मजुरी पुन्हा लागते, शिवाय मूळ दोषाची खूणही पुसली जाते.

येथील विवेचन मुख्यतः एक सिलिंडरच्या टू-स्ट्रोक गाड्यांविषयी आहे. एस्कॉर्ट्सची १७३ सीसीची राजदूत मूळच्या पोलिश एसएचएल गाडीवर बेतलेली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ ते १९९६ या काळात जावा व येझदी गाड्या बनवल्या. यामाहा आरएक्स १०० हिचे उत्पादन १९८५ ते १९९६ या काळात झाले. या गाड्यांचे कंपनीचे भाग आता सरसकट मिळत नाहीत. बाजारात मिळतात ते बहुतेक लोकल भाग, आणि त्यांच्या मापात फरक असतो. माप घेतल्याशिवाय कोणताही भाग बसवू देऊ नये, तो डबीबंद आणि चकचकीत असला तरी.

इंजिनाचा प्रकार आधी ओळखावा

राजदूत आणि जावा-येझदीत पेट्रोल-हवेची वाट पिस्टनच उघडतो आणि बंद करतो. ठिणगीची वेळ पॉइंटवर ठरते आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. (ऑइल पंप असलेली येझदीची काही मॉडेल याला अपवाद आहेत.) आरएक्स १०० मध्ये रीड व्हॉल्व्ह असतो आणि टूटी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने येते. या फरकावर पुढची तपासणी अवलंबून आहे. राजदूतमध्ये ऑइल पंप शोधणे जितके व्यर्थ, तितकेच आरएक्सचा पंप बांधणीनंतर न तपासणे महागात पडणारे.

हिरो होंडा सीडी १०० सारखी फोर-स्ट्रोक गाडी असेल तर ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन यांची तपासणी तशीच राहते. मात्र कॅम चेनच्या खुणा जुळल्या आहेत का, टॅपेट फार घट्ट तर नाहीत आणि व्हॉल्व्ह नीट बसतात का, हे आधी पाहावे. क्रँककेसच्या हवेचे पुढील विवेचन फोर-स्ट्रोकला लागू नाही.

खोलण्यापूर्वी या क्रमाने जावे

१. ठिणगी: प्लग काढून, टोपीत बसवून, त्याची धातूची बाजू हेडला घट्ट टेकवून किक मारावी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग भोकापासून दूर ठेवावा. सीडीआय असलेल्या गाडीत प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नये, त्याने सीडीआय जळू शकतो.

२. पेट्रोल: किक मारून काढलेला प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही, ओलाचिंब निघाला तर जास्त येते किंवा ठिणगी कमजोर आहे.

३. कॉम्प्रेशन: पिकअप पूर्ण उघडा ठेवून गेजने मोजावे. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा ठळक वाढला तर रिंगा अजून बसलेल्या नाहीत किंवा बोअर सैल आहे. वाढला नाही तर हेडच्या पॅकिंगकडे वळावे.

४. टायमिंग.

५. क्रँककेसची हवाबंदी.

मेकॅनिकचा हात सवयीने कार्ब्युरेटरकडे आधी जातो आणि जेट बदलण्याचा खेळ सुरू होतो. हवा चोरून आत येत असेल तर जेट बदलून दोष झाकला जातो, मिटत नाही.

किक मारूनही गाडी सुरू होत नाही

पॉइंटच्या गाडीत गॅप फिलर गेजने मोजावा. जुन्या गाड्यांत तो साधारण ०.३५ ते ०.४० मिमी असतो. प्लगचा गॅप बहुतेकांत ०.६ मिमीच्या आसपास असतो. आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नये, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकते. पॉइंट नेमका कधी उघडतो हे पाहण्यासाठी त्यात पातळ कागद धरून मॅग्नेट हळूहळू फिरवावा. कागद सुटतो तो क्षण टायमिंगचा. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली आहे ते प्लगच्या भोकातून डायल गेजने मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडावे.

टायमिंग फार पुढे गेले तर किक पायावर उलटी येते. टू-स्ट्रोकचा एक चमत्कारिक गुण असा की अशा अवस्थेत पॉइंटचे इंजिन उलट्या दिशेनेही सुरू होऊ शकते, आणि गिअर टाकला की गाडी मागे येते. त्यात गिअरबॉक्सचा दोष नसतो.

मॅग्नेट बसवताना क्रँकवरची लहान अर्धचंद्राकार चावी तुटली किंवा खाचेतून निसटली, तर ठिणगी उत्तम दिसते पण चुकीच्या क्षणी पडते. ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन तिन्ही ठीक असूनही गाडी सुरू होत नसेल तर या चावीवर पहिला संशय घ्यावा. मॅग्नेट काढायला योग्य पुलरच वापरावा. हातोड्याच्या ठोक्याने क्रँकचे टोक वाकते.

गरम झाल्यावर बंद पडते

दोन-तीन किलोमीटरनंतर गाडी बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणातले हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. पेट्रोलच्या कॉकमधली जाळी गंजाने भरली तरी हेच लक्षण दिसते.

झाकण उघडूनही फरक पडला नाही, आणि बंद पडल्याक्षणी ठिणगी गायब झालेली आढळली, तर कॉइल, कंडेन्सर किंवा सीडीआयकडे जाणाऱ्या पिकअप कॉइलचा दोष समजावा. थंड असताना या वस्तू शाबूत वाटतात, तापल्यावर आतली तार तुटते. पॉइंटवर मोठ्या निळ्या ठिणग्या दिसणे ही कंडेन्सर गेल्याची खूण आहे. मे महिन्यात तापीकाठी पारा चाळिशीच्या बराच वर जातो, तेव्हा हिवाळ्यात न दिसलेला हा दोष उघड होतो. म्हणून ही तपासणी गाडी बंद पडलेल्या जागीच करावी. पाना आणि एक चांगला प्लग सोबत ठेवला की पुरते.

क्रँककेसची हवाबंदी: सर्वांत दुर्लक्षित भाग

टू-स्ट्रोकचे क्रँककेस म्हणजे एक पंप आहे. पिस्टन वर जाताना ते पेट्रोल-हवा ओढते आणि पिस्टन खाली येताना ती सिलिंडरमध्ये ढकलते. या पंपाला कुठेही फट राहिली तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन पकडतो. फट बहुधा चार जागी असते: मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील, सिलिंडरखालचे पॅकिंग, दोन केसमधला सांधा आणि कार्ब्युरेटर जोडणारे रबर किंवा त्याखालचे पॅकिंग.

लक्षणे अशी: पिकअप सोडला तरी आवाज लगेच खाली येत नाही, आयडल एका जागी टिकत नाही आणि प्लग पांढुरका निघतो. हाफ इंजिन करताना फक्त बोअर, पिस्टन व रिंगा बदलतात. सील तसेच राहते, आणि नेमके तेच वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कडक झालेले असते. एरवी खर्च वाचवणारा हाफ इंजिनचा हा मार्ग सीलच्या बाबतीत खोटा ठरतो.

हवाबंदी तपासायला महाग यंत्र लागत नाही. सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पत्र्याच्या पट्ट्या लावून सायलेन्सरचे व कार्ब्युरेटरचे तोंड बंद करावे, पिस्टन खाली ठेवावा आणि प्लगच्या भोकात नळी बसवावी. त्या नळीला रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडावा. काटा ३०० मिमी पाऱ्यापर्यंत न्यावा. हा दाब सुमारे सहा पीएसआय होतो आणि या कामाला तोच पुरेसा आहे. काटा मिनिटभरात झरझर खाली आला तर साबणाच्या फेसाने फट शोधावी. मॅग्नेट काढून ठेवलेला असेल तर त्या बाजूच्या सीलवर बुडबुडे दिसतात. कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही सोडू नये, सील जागेवरून उडतात.

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे क्लचकडचे सील फाटले असेल तर चित्र वेगळे दिसते. गिअरचे ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो, प्लग ओला-काळा होतो आणि गिअरबॉक्सचे ऑइल कारण न कळता कमी होते. धूर पाहून रिंगा बदलणारे यावर पैसे घालवतात.

गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून फट शोधण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती आगीला आमंत्रण आहे.

पिस्टन जाम झाला: खुणा वाचाव्यात

जाम झालेला पिस्टन फेकू नये. त्यावरच्या ओरखड्यांची जागा कारण सांगते.

- चार कोपऱ्यांवर सारखे ओरखडे: फट कमी ठेवली, किंवा थंड इंजिनला लगेच जोर दिला.
- फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे: मिश्रण पातळ, इंजिन अति तापले, किंवा टायमिंग पुढे.
- पिस्टनच्या टोकाला भोक किंवा वितळल्याची खूण: टायमिंग पुढे किंवा चुकीचा, फार गरम प्लग.
- एकच खोल सरळ चर: गजन पिनचे लॉक सुटले किंवा रिंग मोडली.

पिस्टन आणि बोअर यांतली फट १०० सीसीच्या बिडाच्या सिलिंडरमध्ये ०.०४ मिमीच्या आसपास असते. मोठ्या बोअरला ती थोडी जास्त लागते. पिस्टनवर आकडा छापलेला असेल तर तोच धरावा. रिंगच्या दोन टोकांतल्या फटीचा ढोबळ नियम असा: बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी. म्हणजे आरएक्सच्या ५० मिमी बोअरला किमान ०.२ मिमी. रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने हे मोजता येते.

टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगची टोके एका बारीक खिळीवर थांबतात. ती खिळीवर बरोबर न बसवता सिलिंडर दाबला की रिंग तिथेच मोडते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या तोंडाकडे हवा. गजन पिनचे लॉक दरवेळी नवे घालावे आणि ते बसवताना केसच्या तोंडात कापड कोंबावे. लॉक आत पडले तर सगळे इंजिन पुन्हा उघडावे लागते.

लेथवर काम देताना

बोअरिंगनंतर सिलिंडरच्या पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या गोलसर घासून घेतल्या नाहीत तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. ट्रॅक्टरचे आणि डिझेल पंपाचे बोअर करणाऱ्या लेथवर हे काम राहून जाण्याची शक्यता मोठी, कारण त्या सिलिंडरना असे पोर्टच नसतात. काम देतानाच हे शब्दांत सांगावे आणि घेताना कडेवरून बोट फिरवून पाहावे.

पिस्टन आधी विकत घ्यावा आणि त्याच्या मापावर बोअर करून घ्यावे. उलटे केले तर ०.२५, ०.५० अशा ओव्हरसाइज डबीतला पिस्टन बोअरला जुळेलच असे नाही.

क्रँकचा विषय वेगळा. या गाड्यांचे क्रँक दोन चाके आणि एक पिन दाबून जोडलेले असतात. कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ जरासाही चालत नाही. बाजूचा थोडा खेळ मात्र असतोच आणि तो दोष नव्हे. या दोन खेळांची गल्लत करून चांगला क्रँक बदलला जातो, किंवा खराब क्रँक राहून जातो. नवा रॉड बसवल्यावर क्रँक दोन टोकांवर फिरवून डायल गेजने सरळ करावा लागतो. गेज ०.०५ मिमीहून जास्त हलत असेल तर तो घेऊ नये. ज्या दुकानात प्रेस आणि डायल गेज दोन्ही नसतील तिथे क्रँकचे काम देऊ नये, त्यासाठी धुळे किंवा सुरतेची फेरी परवडते.

पहिले पाचशे किलोमीटर आणि घाट

हेडचे नट फुलीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत कसावेत आणि पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. ऑइल पंपाच्या गाडीत पंप व नळीतली हवा काढावी लागते. ती निघाली याची खात्री होईपर्यंत पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही टूटी ऑइल मिसळावे. लिटरला २० मिली म्हणजे एकास पन्नास, ४० मिली म्हणजे एकास पंचवीस. जुन्या बनावटीला किती हवे ते गाडीच्या पुस्तकातून घ्यावे. अंदाजाने दुप्पट ऑइल ओतणे सुरक्षित नाही, कारण ऑइल वाढले की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी येते आणि मिश्रण पातळ होते. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळू नये.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुने रबर फुगवते. कार्ब्युरेटरची रबरे, पेट्रोलची नळी आणि कॉकचे वायसर बांधणीबरोबरच बदलावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

नवे इंजिन पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या पिकअपच्या पुढे नेऊ नये, पण एकाच वेगात तासभर रेटूही नये. वेग बदलता ठेवावा. शहाद्याहून तोरणमाळ, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, अक्कलकुव्याहून मोलगी हे रस्ते या काळात टाळलेले बरे. डबलसीट तर नकोच.

घाट चढताना इंजिन तापते हे सगळ्यांना ठाऊक असते. उतरतानाचा धोका कमी जणांना माहीत असतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेल्या गाडीत पिकअप बंद केला की पेट्रोलबरोबर ऑइलही थांबते, आणि चाके मात्र इंजिनला जोरात फिरवत राहतात. लांब उतारावर पिस्टन पकडतो तो यामुळे. राजदूत किंवा जावा उतरवताना अधूनमधून क्लच दाबून थोडा पिकअप द्यावा आणि ब्रेकवर भिस्त ठेवावी.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. तिथली हवा सुमारे दहा टक्के विरळ असल्याने खाली बरोबर चालणारी गाडी वर जरा जड, धुरकट चालते. ते पाहून वरच जेट लहान करू नये, कारण खाली उतरल्यावर तोच जेट पिस्टन जाळेल.

नव्या इंजिनाला जोरच नसेल तर सायलेन्सर पाहावा. आतला कार्बन काढायचा राहिला असेल तर नवे बोअर काहीही करू शकत नाही.

पैसे देताना आणि तक्रार करताना

काम सुरू होण्यापूर्वी कागदावर अंदाजपत्रक घ्यावे. त्यात हाफ की फुल इंजिन, कोणते भाग, कोणत्या कंपनीचे, आणि गाडी जाम झाल्यास किती किलोमीटर किंवा दिवसांपर्यंत दुरुस्ती मोफत, हे लिहून घ्यावे. जुने भाग परत मागावेत. बिलाशिवाय दिलेला पैसा नंतर सिद्ध करणे अवघड जाते.

मोबदला देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवा ठरते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी वापरणारा, उदाहरणार्थ स्वतः फिरून दूध विकणारा, त्या कायद्यात ग्राहकच असतो. काम सुरतेत झाले असले तरी तक्रारदार जिथे राहतो तिथे, म्हणजे नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात, तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करावा. पैसे दिल्यावर गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे खोलायची असेल तर आधी पहिल्याला लेखी कळवावे आणि खोलतानाचे चित्रीकरण ठेवावे, नाहीतर दोष कोणाचा हा वाद मिटत नाही.

इंजिन नंबर आणि कागदपत्रे

फक्त बोअर, पिस्टन किंवा क्रँक बदलल्यास नोंदणीत काही बदलत नाही. केस फुटून दुसऱ्या गाडीची केस लावली तर इंजिन नंबर बदलतो आणि परिवहन कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. दुसरी केस घेताना तिचे बिल आणि मूळ गाडीचे कागद घ्यावेत. जुना नंबर नव्या केसवर ठोकून देण्याची सूचना कोणी केली तर ती नाकारावी, तो गुन्हा आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या गाड्यांची मूळ नोंद धुळ्याला असते, आणि जुने पुस्तक वाहन या संगणक प्रणालीत चढलेले नसण्याची शक्यता असते. इंजिनावर खर्च करण्यापूर्वी ही नोंद सापडते का ते पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, नंतर तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठी नमुना २५ भरावा लागतो आणि पर्यावरण कर वेगळा द्यावा लागतो.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. त्यासाठी सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज शेतावर जायला गाडी लागत असेल तर साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घ्यावे.